विवेक, गूढार्थ आणि प्रज्ञा : ‘विवेकसिंधू’च्या निमित्ताने

परळी वैजनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक होय, अशी येथील भाविकांची दृढ श्रद्धा आहे. झारखंडातील देवघर येथील भाविकांचीही आपल्या वैद्यनाथाविषयी तशीच श्रद्धा आहे. ज्योतिर्लिंगांची नावे सांगणाऱ्या संस्कृत वचनांचे दोन पाठ प्रचलित आहेत. एका पाठात परळीचे नाव येते. दुसऱ्यात त्या जागी चिताभूमी हा शब्द येतो आणि देवघरचे भाविक तो आपल्या गावाशी जोडतात. या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. ज्योतिर्लिंग येथे की तेथे, याने बौद्ध उपासकाच्या जीवनात काहीही फरक पडत नाही. परंतु या वादातून एक गोष्ट स्पष्ट होते. ग्रंथवचन स्वतः होऊन काहीच ठरवीत नाही. कोणता पाठ घ्यावयाचा, त्याचा कोणता अर्थ लावावयाचा आणि त्या अर्थास प्रामाण्य कोणी द्यावयाचे, हे सर्व वाचणारा मनुष्य ठरवितो. म्हणून ग्रंथ कोणता, या प्रश्नाइतकाच तो कसा वाचला जातो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

हा प्रश्न परळीच्या परिसरात उपस्थित करण्यास आणखी एक कारण आहे. परळीपासून सुमारे २५ किलोमीटरवर अंबाजोगाई येथे मुकुंदराजांची समाधी आहे. काही अभ्यासक मुकुंदराजांचे स्थान वैनगंगेकाठच्या आंभोऱ्यास मानतात. पण मराठवाड्याच्या परंपरेत ते अंबाजोगाईचेच आहेत. त्यांचा ‘विवेकसिंधू’ हा मराठीतील आद्य काव्यग्रंथ म्हणून शिकविला जातो. ग्रंथात आलेला शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, हा रचनाकाळ सर्वच संशोधकांना मान्य नाही. तरीही मराठीत तत्त्वचिंतन मांडण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते, याविषयी दुमत नसावे.

या ग्रंथाच्या नावातच ‘विवेक’ आहे. वेदवचनाचा आंतरिक अर्थ गुरुमुखाने उलगडावा आणि त्यातून मनुष्याच्या ठायी सत्य-असत्याचा विवेक जागा व्हावा, ही त्याची प्रतिज्ञा आहे. ग्रंथाच्या गूढ वाचनातून अंतरंगातील शहाणपण सापडते, असे आजही अनेकजण सांगतात. आपल्या समाजातील सुशिक्षित तरुणांनाही या विचाराचे आकर्षण वाटू लागले आहे. अशा वेळी त्या विचाराची एक प्रातिनिधिक मराठी कृती घेऊन तिची बौद्ध दृष्टीने परीक्षा करावी, असे आम्हांस वाटते. ही परीक्षा द्वेषाने करावयाची नाही. ज्या कसोटीवर आम्ही ‘विवेकसिंधू’ घासून पाहणार आहोत, त्याच कसोटीवर शेवटी आपले स्वतःचे ग्रंथवाचनही घासून पाहावयाचे आहे.

ग्रंथाची बाजू

प्रथम ग्रंथाच्या बाजूने जे सांगावयास हवे ते सांगू. ‘विवेकसिंधू’ पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा दोन भागांत विभागलेला असून त्याची रचना ओवीबद्ध आहे. सृष्टीची उत्पत्ती, देहाचे स्थूल-सूक्ष्म थर, जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य, गुरूचे माहात्म्य असे विषय त्यात आले आहेत. ज्या काळी असे विषय संस्कृताबाहेर बोलणे हाच अपराध मानला जाई, त्या काळी मुकुंदराजांनी ते मराठीत आणले. लोकभाषेत सांगितले म्हणून तत्त्व हीन ठरत नाही, ही त्यांची भूमिका आहे. तथागतांनी आपला उपदेश लोकांच्या भाषेत व्हावा असा आग्रह धरला होता, हे जाणणाऱ्या आपल्या वाचकांस या भूमिकेचे मोल निराळे सांगावयास नको.

दुसरे असे की, मुकुंदराज कर्मकांडावर थांबत नाहीत. मनुष्याने विचार करावा, दिसणाऱ्या गोष्टींच्या मुळाशी जावे, असे ते सांगतात. गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून विषय पुढे नेण्याची त्यांची रीत वाचकाला विचारात सामील करून घेते. एवढे मान्य करून आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. हा विचार कोठून निघतो, कोठे पोहोचतो आणि वाटेत कोणाला मागे ठेवतो?

उत्तर आधी, प्रश्न नंतर

आपले बोलणे शंकराचार्यांच्या मतावर आधारलेले आहे, असे मुकुंदराज स्वतःच सांगतात. शांकर वेदान्तात उपनिषदांतील काही वाक्यांना महावाक्य म्हणतात. ‘ते तू आहेस’ या आशयाचे छांदोग्यातील वाक्य त्यांपैकी प्रसिद्ध आहे. ‘ते’ म्हणजे जगाचे कारण असलेले, सर्वज्ञ ब्रह्म आणि ‘तू’ म्हणजे दुःखी, अल्पज्ञ जीव. हे दोन्ही एक कसे? शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर ते एक होत नाहीत. म्हणून वेदान्ती पंडित दोन्ही शब्दांच्या अर्थांतील न जुळणारा भाग टाकून देतात आणि उरलेल्या शुद्ध चैतन्याच्या पातळीवर त्यांचे ऐक्य दाखवितात.

ही रीत बुद्धिमत्तेची आहे, यात शंका नाही. पण तिच्यातील क्रम पाहावा. वाक्य खरे आहे, हे आधी ठरले आहे. अनुभव त्याच्याशी जुळत नाही, म्हणून अनुभवाचा न जुळणारा भाग वगळावयाचा आहे. ग्रंथाची परीक्षा येथे होतच नाही. परीक्षा होते ती मनुष्याच्या अनुभवाची आणि ती ग्रंथाच्या सोयीने होते. जो भाग ‘तू’ या शब्दातून गाळला जातो, त्यातच मनुष्याची भूक, अपमान, श्रम आणि मृत्यू येतात. गाळल्यावर जे उरते त्याला भूक लागत नाही आणि त्याचा अपमानही होत नाही. मग त्याच्यासाठी काही करावयाचे कारणही उरत नाही.

दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात हाच प्रश्न तथागतांनी फार सोप्या रीतीने मांडला आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माशी एकरूप होण्याचा खरा मार्ग कोणता, यावरून वाद घालीत त्यांच्याकडे आले. तथागतांनी त्यांना विचारले की, तुमच्यापैकी, तुमच्या गुरूंपैकी, त्या गुरूंच्याही मागच्या पिढ्यांपैकी कोणी ब्रह्माला समोरासमोर पाहिले आहे काय? कोणीही पाहिले नव्हते. मग एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा तेथे येते: पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही आणि शेवटच्यालाही दिसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ब्रह्मसायुज्यावर आधारलेल्या धर्माचा ‘अधम्म’ या सदरात समावेश केला, त्यामागे हाच विचार आहे.

राजा जैत्रपाळ आणि राजा मिलिंद

मुकुंदराजांविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. जैत्रपाळ राजाला ब्रह्माचा साक्षात्कार हवा होता आणि तोही तत्काळ, रिकिबीत पाय घालून घोड्यावर स्वार होण्यास लागतो तेवढ्या वेळात. ज्या साधूंना हे जमले नाही त्यांना त्याने बंदीत टाकले व कष्टाला जुंपले. शेवटी मुकुंदराज आले. त्यांनी राजाला तत्क्षणी समाधी लावून दिली आणि साधूंची सुटका झाली. आख्यायिकेला इतिहास समजण्याचे कारण नाही. पण परंपरेने आपल्या ग्रंथकाराची थोरवी कोणत्या शब्दांत सांगितली, हे तीवरून समजते.

या कथेत ज्ञान मागणारा सत्ताधीश आहे आणि त्याच्या हाती शिक्षा आहे. ज्ञान देणारा गुरु आहे आणि त्याच्या हाती सामर्थ्य आहे. राजाला काय दिसले, ते तिसऱ्या कोणाला तपासता येत नाही. राजाने कोणता प्रश्न विचारला, त्याला कोणते उत्तर मिळाले, हेही कळत नाही, कारण तेथे प्रश्नोत्तर झालेलेच नाही. साक्षात्कारानंतर राजाच्या राज्यकारभारात काय बदल झाला, याचीही कथेला चिंता नाही.

याच्या शेजारी ‘मिलिंदपञ्ह’ ठेवावा. ग्रीक राजा मिलिंद आणि स्थविर नागसेन यांच्या त्या संवादात आरंभीच एक अट येते. राजा म्हणून बोलणार असाल तर मी बोलणार नाही, पंडित म्हणून बोलणार असाल तर बोलेन, असे नागसेन राजाला बजावतात. पंडितांच्या वादात कोणी कोणाला कोंडीत पकडतो, कोणी चूक मान्य करतो, पण कोणी रागावत नाही. राजांच्या वादात विरोध करणाऱ्यास दंड होतो. मिलिंद ही अट स्वीकारतो आणि मगच चर्चा सुरू होते. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० मध्ये औरंगाबाद येथे सुरू केलेल्या महाविद्यालयास पुढे मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. मराठवाड्यातील शोषितांच्या मुलांसाठी उघडलेल्या विद्यामंदिराला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आणि निर्भयपणे उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव मिळाले. जैत्रपाळाच्या कथेच्या भूमीत ही निवड किती बोलकी आहे, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईल.

त्याच ग्रंथात प्रज्ञेचे लक्षण विचारले असता नागसेन कापणीचा दृष्टांत देतात. कापणी करणारा डाव्या हाताने धान्याच्या ताटांची मूठ धरतो आणि उजव्या हातातील विळ्याने ती कापतो. मनसिकार, म्हणजे मनाचे अवधान, ही धरणारी मूठ होय. प्रज्ञा हा कापणारा विळा होय. अवधान मेंढ्या, शेळ्या, गाई-म्हशींनाही असते, पण प्रज्ञा नसते, असेही तेथे म्हटले आहे. सुगीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतांत राबलेल्या आपल्या माणसांना हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. गूढ ध्यानात मन एकाग्र होईल, मुठीत ताटे येतील. पण क्लेश, भ्रम आणि अन्याय यांना कापणारे काही हाती नसेल, तर संध्याकाळी शेत तसेच उभे राहील.

शब्दाविषयी एक खुलासा येथे आवश्यक आहे. पालीतही ‘विवेक’ हा शब्द आहे, परंतु त्याचा अर्थ एकांत किंवा अलिप्तता असा आहे. निद्देसात कायविवेक, चित्तविवेक आणि उपधिविवेक असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. आपण मराठीत ज्याला सारासार विवेक म्हणतो त्याला पालीत पञ्ञा, धम्मविचय, वीमंसा असे शब्द आहेत आणि या सर्वांत निवडून, तपासून पाहण्याचा भाव आहे. वीमंसक सुत्तात तर तथागतांचीसुद्धा परीक्षा करण्याची भिक्खूंना मुभा दिली आहे. ज्या गुरुपरंपरेत गुरूला ब्रह्मस्वरूप मानावयाचे असते, तेथे अशी मुभा संभवत नाही.

अधिकाराचा प्रश्न

गूढार्थाला कुलूप असते आणि कुलपाची किल्ली कोणाकडे तरी असते. ज्या शंकराचार्यांच्या मतावर ‘विवेकसिंधू’ उभा आहे, त्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात शूद्रांना वेदाध्ययनपूर्वक ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारला आहे. सर्वत्र एकच ब्रह्म भरले आहे, असे सांगणाऱ्या भाष्यातच हे विवेचन यावे, ही लहान विसंगती नव्हे. मुकुंदराजांनी मराठीचे दार उघडले. पण त्या दारातून आत जाणाऱ्यास सामाजिक जीवनात कोणती जागा मिळावी, हा प्रश्न त्यांच्या विवेकाच्या कक्षेत आला नाही. परमार्थात सर्व एक आणि व्यवहारात वर्ण वेगळे, अशी दोन खाती ठेवली की एका खात्यातील समता दुसऱ्या खात्यात कधीच जमा होत नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल की, संवृतिसत्य आणि परमार्थसत्य असा भेद बौद्धांतही आहे. नागार्जुनाने तो स्पष्टपणे मांडला आहे. आक्षेप योग्य आहे. परंतु भेद असणे आणि त्या भेदाचा आधार घेऊन जन्मजात विषमता शाबूत ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. ज्या संघात नद्या समुद्रास मिळाल्यावर आपले नाव टाकतात तशी चारही वर्णांतून आलेली माणसे पूर्वीचे कुळ टाकतात, अशी शिकवण होती, त्या परंपरेत ही दोन सत्ये माणसाला अपात्र ठरविण्यास वापरली जाऊ शकत नाहीत. कोठे तशी वापरली गेली असतील तर तेथेही आमचा आक्षेप हाच राहील.

बाबासाहेबांनी ब्रह्मवादाची केवळ हेटाळणी केली, असा समज अनेकांचा आहे. तो खरा नाही. ‘हिंदू धर्मातील कोडी’ या त्यांच्या लेखनात, जे महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केले, ब्रह्माचा उपयोग काय, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आहे. ‘मी ब्रह्म आहे’ या उद्गारात उद्दामपणाच आहे असे ते मानीत नाहीत; हीनतेच्या भावनेने दबलेल्या मनुष्याला तो उद्गार आत्मप्रतिष्ठेचा वाटू शकेल, हे ते मान्य करतात. सर्वजण एकाच ब्रह्माचे अंश असतील तर लोकशाहीला याहून भक्कम तात्त्विक पाया कोणता, असेही ते म्हणतात. मग ते विचारतात की, या तत्त्वातून समाजात समता का निपजली नाही? तत्त्व धर्मात, म्हणजे आचरणात, उतरविले गेले नाही, हे त्यांचे उत्तर आहे. समीक्षेचा हा आदर्श आपण लक्षात ठेवावा. प्रतिपक्षाची सर्वांत बलवान बाजू मान्य करून मग त्याला त्याच्या फळाविषयी विचारावे.

गोदाकाठचे दुसरे वाचन

आता प्रश्न असा की, वचनाचा आंतरिक अर्थ शोधणे हेच मुळात चूक आहे काय? आमच्या मते नाही. याचे उत्तर देणारी कथा याच गोदावरीच्या खोऱ्यातून आपल्या त्रिपिटकात गेली आहे. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या या नदीच्या काठी, अस्सक जनपदाच्या परिसरात बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण राहत होता, असे सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात सांगितले आहे. धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर केल्यामुळे ती मराठी वाचकांस वाचता येते.

बावरीने मोठा यज्ञ करून सर्व धन वाटून टाकले होते. त्यानंतर एक ब्राह्मण पाचशे नाणी मागत आला. देण्यास काही उरले नाही, हे ऐकताच त्याने शाप दिला की, सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील. बावरी भयाने खचला आणि अन्न सोडून बसला. पुढे त्याने आपले अजित, पुण्णक, मेत्तगू, मोघराज, पिंगिय आदी सोळा शिष्य तथागतांकडे पाठविले. ते पतिट्ठान म्हणजे आजचे पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा या मार्गाने मजल दरमजल करीत मगधात पोहोचले. त्यांनी विचारले की, डोके म्हणजे काय आणि डोके फुटणे म्हणजे काय?

तथागतांनी दिलेले उत्तर असे: अविद्या हेच डोके होय, आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, इच्छा व वीर्य यांनी युक्त अशी विद्या हीच ते डोके फोडणारी होय. शापाच्या शब्दांचा अर्थ येथे पूर्णपणे बदलला आहे. ज्या शब्दांनी भय दाखविले होते, त्याच शब्दांतून भयाचे कारण आणि त्यावरील उपाय सांगितला आहे.

हेही आंतरिक वाचनच होय. मग मुकुंदराजांच्या महावाक्यविचाराहून ते वेगळे कशात? एक, ते उघड आहे. कोणालाही ऐकता येईल, तपासता येईल असे शब्द आहेत. दीक्षा नाही, कानमंत्र नाही. दोन, ते भय घालविते. शाप देऊन पैसे उकळणाऱ्याचे हत्यार त्याच्या हातून काढून घेते. तीन, ते आचरणाकडे नेते. अविद्या फोडावयाची तर स्मृती, समाधी आणि प्रयत्न यांचा अभ्यास करावा लागतो. ‘मी आधीच ब्रह्म आहे’ या जाणिवेने काम भागत नाही. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की, आपण धम्म सांगताना आतला आणि बाहेरचा असा भेद ठेवला नाही, आचार्याची झाकलेली मूठ आपल्यापाशी नाही. प्रज्ञा ही मनुष्याच्या अंतरंगात उगवते, यात वाद नाही. पण ती अंतरंगात उगवते म्हणून तिचा मार्ग गुप्त असला पाहिजे, असे ठरत नाही.

न्यायाने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बावरीची प्रास्ताविक कथा, म्हणजे वत्थुगाथा, सोळा प्रश्नांच्या मानाने उत्तरकालीन असल्याचे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पारायनवग्गावर भाष्य करणाऱ्या निद्देसात या गाथांवर भाष्य नाही. त्या गाथांत देवता येऊन बोलते, शिष्य मनातल्या मनात प्रश्न विचारतात आणि तथागत त्यांची उत्तरे देतात. आपल्या ग्रंथात आले म्हणून हे चमत्कार आपण स्वीकारावे काय? बाबासाहेबांनी यासाठी कसोट्या दिल्या आहेत. जे बुद्धिवादाला व तर्काला धरून आहे ते बुद्धवचन मानता येईल. मनुष्याच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही, अशा चर्चेत तथागत पडत नसत, म्हणून तसे काही त्यांच्या नावावर सांगितलेले असल्यास ते त्यांचे समजू नये. आणि ज्या विषयांबाबत त्यांनी निश्चित मत दिले व ज्यांबाबत तात्पुरते दिले, त्यांत फरक करावा. या कसोट्या लावल्यावर देवतेचे आगमन बाजूस राहते, मनातले प्रश्न बाजूस राहतात आणि अविद्या-विद्येचे उत्तर मात्र टिकते. ‘विवेकसिंधू’ला लावलेला निकष सुत्तनिपातास लावण्यास आपण कचरलो, तर आपली समीक्षा केवळ पक्षपात ठरेल.

आपले ग्रंथवाचन

येथून आम्ही आपल्याच अंगणात येतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात मराठवाड्यातील विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. हा ग्रंथ १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर, इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याची भाषांतरे झाली. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ऐकण्याचीही मनाई होती, त्यांच्या वस्तीत दिवसभर राबून आलेल्या स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून असा ग्रंथ ऐकावा, याचे मोल कोणत्याही तराजूत करता येणार नाही. या परंपरेचा आम्हांस अभिमान आहे.

अभिमान आहे म्हणूनच चिंता वाटते. कित्येक ठिकाणी हे वाचन पारायणाचे रूप घेते. रोज ठरलेली पाने संपविली जातात, शेवटच्या दिवशी समाप्ती होते, ग्रंथ वस्त्रात गुंडाळून पूजास्थानी ठेवला जातो. वाचणारा वाचतो, ऐकणारे ऐकतात, प्रश्न कोणी विचारीत नाही. कोठे कोठे ग्रंथातील साध्या वाक्याला गूढ अर्थ चिकटविला जातो. परित्राणाचे पाणी रोग बरे करील, अमुक गाथा अमुक वेळा म्हटल्यास अमुक फळ मिळेल, असे सांगणारेही भेटतात. प्रत्यक्ष त्या ग्रंथातच धर्मग्रंथांचे नुसते पठण आणि धर्मग्रंथ प्रमादातीत मानणे या दोन्ही गोष्टी अधम्म म्हणून नोंदविल्या आहेत. जो ग्रंथ आपली पूजा करू नका असे सांगतो, त्याची पूजा करणे म्हणजे त्याचे न ऐकणे होय. धम्मपदात अशा पाठकाला दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्याची उपमा दिली आहे. त्याच्या वाट्याला दूध येत नाही.

मग वाचावे कसे? परंपरेनेच याचे उत्तर दिले आहे. प्रज्ञा तीन प्रकारची सांगितली आहे: ऐकून मिळणारी सुतमय, विचाराने मिळणारी चिंतामय आणि अभ्यासाने, भावनेने मिळणारी भावनामय. आपली बहुतेक वाचने पहिल्या पायरीवर संपतात. गूढवादी एकदम तिसऱ्या पायरीवर उडी घेऊ पाहतो. मधली पायरी दोघेही गाळतात. ही मधली पायरी म्हणजे चर्चा, शंका, तपासणी. केसमुत्तीच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश हाच होता: परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरु सांगतो म्हणून स्वीकारू नका, लोभ, द्वेष व मोह वाढविणारे काय आणि घटविणारे काय, हे स्वतः पाहून ठरवा.

विहारांच्या कार्यकर्त्यांस आमची सूचना साधी आहे. वाचनाची पाने निम्मी करावीत आणि उरलेला वेळ प्रश्नांसाठी ठेवावा. पहिला प्रश्न उपासिकांनी व मुलांनी विचारावा. वाचलेल्या भागातील कोणती गोष्ट आपल्या घरात, वस्तीत, व्यवहारात या आठवड्यात करता येईल, हे बैठक उठण्यापूर्वी ठरवावे आणि पुढील आठवड्यात ती झाली किंवा नाही हे विचारावे. अंबाजोगाईची सहल निघाली तर तरुणांनी मुकुंदराजांचे स्थळही अवश्य पाहावे आणि ‘विवेकसिंधू’ अवश्य वाचावा. ज्या ग्रंथांशी आपला मतभेद आहे ते न वाचता केलेला मतभेद टिकत नाही.

बाबासाहेबांनी सद्धम्माची लक्षणे सांगताना एक क्रम लावला आहे. विद्या सर्वांना खुली असावी. पण नुसती विद्या पुरेशी नाही, प्रज्ञा हवी. प्रज्ञाही पुरेशी नाही, तिला शीलाची जोड हवी. शीलालाही करुणेची आणि करुणेलाही मैत्रीची जोड हवी. ‘विवेकसिंधू’ या क्रमातील दुसऱ्या पायरीचा शोध घेतो, पण पहिली पायरी, म्हणजे सर्वांना खुली विद्या, त्याला ओलांडून पुढे जाता आली नाही आणि शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या दृष्टीस पडल्या नाहीत, असे आमचे मत आहे. आपल्या वाचनाचे काय होते, हे येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने स्वतःच पाहावे.